वेटिंग रूममधली आई

डब्लिनला आल्यावर पहिलं वर्षभर मी नुसती चिडचिड केली. डब्लिन म्हणजे आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं. कोलंबस शहराला चिकटलेलं उपनगर. हे मला पुण्याच्या नातेवाइकांना इतक्यांदा सांगावं लागलं की शेवटी मी नाद सोडला. माझी एक आत्या अजूनही लोकांना सांगते की आमची भाची आयर्लंडला होती. सांगू दे.

चिडायचं कारण साधं होतं. पुण्यात मी कॉलेजात इतिहास शिकवायचे. दोन हजार दोन साली नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून इथे आले, आणि शेपटाला काम करायची परवानगी नाही. नवरा सकाळी लॅपटॉपची बॅग अडकवून निघून जायचा आणि मी अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायचे. ओळखीच्या बायका पॉटलकचे, म्हणजे आपापला पदार्थ आणायच्या जेवणांचे, मेनू ठरवण्यात रमलेल्या. "अगं, एन्जॉय कर ना यार, रिलॅक्स!" म्हणायच्या. मला त्या रिलॅक्सचीच ॲलर्जी झाली होती. शेवटी नवराच वैतागून म्हणाला, "तू लायब्ररीत व्हॉलंटियर कर बाई. पगार नाही म्हणजे कायदा मोडत नाही, आणि मला घरी येऊन दोन घास सुखाने खाता येतील."

लायब्ररीत मला पुस्तकं जागच्या जागी लावायचं काम मिळालं. तिथे कोपऱ्यात जुनी वर्तमानपत्रं वाचायचं मायक्रोफिल्मचं मशीन होतं आणि त्या मशीनला एक बाई रोज सकाळी फटके मारायची. उंच, साठी ओलांडलेली, अंगात नवऱ्याचा जुना चौकड्यांचा शर्ट, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, "मारून का कुठे चालणार आहे ते?" तिने वळून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "घरचा टीव्ही मी वीस वर्षं असाच चालवला." तिथेच आमचं जमलं.

ती चरित्र लिहीत होती, मॉर्मन पंथाच्या संस्थापकाचं. मॉर्मन म्हटलं की आपल्याकडे कुणाला काही बोध होत नाही. मलाही झाला नव्हता. तिनेच सांगितलं ते थोडक्यात असं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोराने सांगितलं की मला देवाचं दर्शन झालं. त्याने एक नवा ग्रंथ लोकांपुढे ठेवला, माणसं जमली. त्यांना घेऊन तो ओहायोत आला, तिथून मिझुरी, तिथून इलिनॉय, आणि चाळिशीच्या आत जमावाच्या गोळ्यांना बळी पडला. मग त्याच्यामागची बरीच माणसं गाड्या जोडून पार युटापर्यंत गेली. या माणसाने पहिल्या बायकोखेरीज आणखी बऱ्याच बायका केल्या होत्या, आणि मावशीचा सगळा जीव त्या बायकांत अडकला होता. पुस्तक त्याचं, पण बघायचं त्यांच्या बाजूने.

मावशी मी तिला म्हणायला लागले. इथे लायब्ररीतली कालची पोरंसुद्धा तिला नावाने हाक मारायची. माझी जीभ काही वळेना. आईच्या वयाच्या बाईला नावाने कसं बोलवायचं? तिने अर्थ विचारला, मी म्हटलं आईची बहीण, आणि ती खूश झाली. आता मावशीला आपण अहोजाहो करत नाही, म्हणून इथेही करत नाही. बोलायचो आम्ही इंग्रजीतच, पण माझ्या डोक्यात ते सगळं मराठीत साठलंय.

ती स्वतः युटात, मॉर्मन घरात जन्मलेली. खापरपणजी तिकडे पायी चालत गेलेली. मावशी लग्न होऊन ओहायोत आली, पुढे नवरा गेला, मागे एक मुलगी. मी भेटायच्या दोन-तीन वर्षं आधी मावशीने पंथातून आपलं नाव काढून घेतलं होतं. कुणी हाकललं नव्हतं तिला; हे मी मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला लगेच तसंच वाटतं. "रविवारी त्यांच्यात बसून गायचं आणि सोमवारी हे लिहायचं, मला दोन्हीकडे खोटं वाटायला लागलं," ती म्हणाली. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच चर्चमधल्या बायका आठवडाभर तिच्या दारात जेवण ठेवून गेल्या. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी एवढं केलं असतं का, मला शंकाच आहे.

पंथ सुटला तरी सवयी सुटल्या नव्हत्या. त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही. माझ्या थर्मासमधल्या चहाचा वास ती डोळे मिटून घ्यायची, पण कप तोंडाला लावायची नाही. "अगं, आता कोण बघतंय?" मी म्हणायचे. "माझी आई," ती म्हणायची. आई जाऊन जमाना झाला होता.

ऑपरेशननंतर तिला हायवेवर गाडी चालवायला मनाई झाली, आणि मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. तिला गाडीच्या चाकावर कुणीतरी हवं होतं आणि मला जगण्याला काहीतरी काम. ओहायोच्या उत्तरेला, तिथल्या मोठ्या सरोवराच्या अंगाला कर्टलंड नावाचं गाव आहे. संस्थापकाचा मुक्काम तिथे काही वर्षं होता. डब्लिनहून दोन-अडीच तास. महिन्यातून एकदा तरी आम्ही तिकडे जायचो, जुनी घरं बघायचो, त्या काळातल्या माणसांच्या पणतू-खापरपणतूंना गाठायचो. बदल्यात मला पीचच्या बरण्या मिळायच्या. युटाच्या बायका उन्हाळ्यात पीच सोलून, पाकात घालून, बरण्यांत उकळून ठेवतात. आपण लोणची घालतो तसं.

एकदा एका नव्वदीच्या म्हातारीकडे गेलो. तिची पणजी त्या काळातली. म्हातारी सावकाश, आठवेल तसं बोलत होती. मावशी गप्प. मी लिहून घेत होते, आणि मला ती शांतता सोसेना. उचलली जीभ, लावली टाळ्याला! म्हटलं, "तुमच्या पणजीला फार सोसावं लागलं असेल, नाही का?" म्हातारीचे डोळे भरून आले. "हो गं, फार सोसलं तिने," म्हणाली, आणि मग किती तरी वेळ तेच सांगत राहिली. मला वाटलं, वा! आपण तर खाणच उघडली!

गाडीत बसल्यावर मावशीने माझी पानं मागितली. त्यातलं तेवढं पान काढलं, टराटरा फाडलं आणि कपहोल्डरमध्ये कोंबलं.

"हे तिचं उत्तर नाही, तुझं आहे," ती म्हणाली. "तू तिच्या तोंडात घातलंस, तिने तुला परत दिलं."

माझं डोकंच फिरलं. बर्फातून गाडी हाकत हिला इथवर आणायचं, आणि वर हे! अर्ध्या रस्त्यात रेस्ट एरियात गाडी थांबवली, चहा ओतला, आणि तेव्हा तिने मला ती गोष्ट सांगितली.

संस्थापकाची पहिली बायको त्याच्यामागे पुष्कळ वर्षं जगली. ती थकली तेव्हा तिच्या मुलांनी तिला बसवून विचारलं की वडिलांनी दुसऱ्या बायका केल्या होत्या का. मुलांना काय ऐकायचंय ते त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. ती नाही म्हणाली. "आता कागदपत्रं काय सांगतात ते मला माहीत आहे," मावशी म्हणाली, "पण मी तिला खोटारडी म्हणणार नाही. आई होती ती. मुलांना जे हवं होतं ते तिने पानात वाढलं." मग माझ्याकडे वळून तिने बोट नाचवलं. "म्हणून सांगते. ज्या प्रश्नाचं ठरावीक उत्तर आपल्याला हवं असतं, तो प्रश्न विचारायचाच नाही. गप्प बसायचं. माणूस आपणहून बोलेपर्यंत गप्प बसायचं."

मी इतिहास शिकवला होता, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. राग गेला. तिचं खरंच होतं, आणि त्या खऱ्याने पुढे तिचंच वाटोळं केलं.

तिची मुलगी कोलंबसच्या एका इस्पितळात नर्स होती. पंथाची पक्की, पण कर्मठ नव्हे. हसरी, भरभर बोलणारी, आल्याआल्या फ्रिज उघडणारी. दर रविवारी चर्च आटोपून आईकडे जेवायला यायची. दोघींचं गूळपीठ होतं. फक्त धर्माचा विषय निघायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दोन हजार चारच्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी मीही तिथे होते. मुलगी एका लाजऱ्या, लांबलचक मुलाला घेऊन आली आणि आईपुढे हात धरला. बोटात अंगठी! "मे महिन्यात, मॉम. टेंपलमध्ये," ती म्हणाली.

"किती छान," मावशी म्हणाली. मुलीचा गालगुच्चा घेतला, मुलाला मिठी मारली आणि केक कापायला वळली.

मी तर टाळ्याच पिटल्या. "मी पैठणी नेसणार! माझ्या लग्नानंतर घडी मोडलेली नाही तिची!" कुणी हसलं नाही. मुलगी आईच्या पाठीकडे बघत उभी होती. बराच वेळ बघत होती, हे मला आत्ताही दिसतं. मावशी केकचे एकसारखे तुकडे करत होती.

ती दोघं गेल्यावर भांडी पुसता पुसता मावशीने मला समजावलं. टेंपल म्हणजे रविवारचं चर्च नव्हे. चर्चमध्ये कुणीही यावं. टेंपलमध्ये फक्त पंथातल्यांनी, तेही परवानगीचं कार्ड असेल तर. आणि त्यांचं खरं लग्न टेंपलमध्येच लागतं, या जन्मापुरतं नाही, कायमचं.

"मग आपण?"

"बाहेर. वेटिंग रूम आहे. सोफे चांगले आहेत."

"आईला? सख्ख्या आईला आत घेणार नाहीत?"

"नियम आहे आणि मला तो माहीत होता. नाव काढताना कुणी माझा हात धरला नव्हता."

मला काही ते पटेना. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की एक वाट होती. आधी बाहेर, सगळ्यांसमोर साधं लग्न करता येतं. पण मग टेंपलमधल्या लग्नासाठी वर्षभर थांबावं लागतं.

"मग थांबतील की! वर्ष म्हणजे काय? आमच्यात साखरपुड्यानंतर मुलगा अमेरिकेला जातो, मुलगी दोन-दोन वर्षं थांबते. विचार तिला!"

"नाही."

"का नाही?"

"कारण मला ते फार हवंय," मावशी म्हणाली, आणि हातातलं पुसलेलं ताट पुन्हा पुसायला लागली.

त्या हिवाळ्यात आमचं दुसरं काही बोलणंच झालं नाही. मी तिला छळ छळ छळलं. कर्टलंडला संस्थापकाच्या काळात बांधलेलं पहिलं टेंपल अजून उभं आहे. ते पंथाच्या दुसऱ्या एका शाखेकडे होतं आणि तिथे कुणालाही आत जाऊन बघता यायचं. बांधताना बायकांनी घरची चिनी मातीची भांडी कुटून गिलाव्यात घातली अशी गोष्ट सांगतात. मावशीने त्याचा पुरावा खूप शोधला होता. गोष्ट सापडायची, भांडी काही सापडायची नाहीत. फेब्रुवारीत आम्ही तिथे गेलो तेव्हा आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. ती आत पांढऱ्या बाकावर बसली आणि हसून म्हणाली, "बघ, त्याच्या स्वतःच्या टेंपलमध्ये मला मज्जाव नाही."

मला हसू आलं नाही. "मावशी, माझ्यासाठी एकदा विचार तिला. 'मला तुझं लग्न बघायचंय.' चार शब्द आहेत."

"मी असं म्हटलं तर ती नाही म्हणू शकेल का?"

"नाही म्हणणार. म्हणून तर!"

"मग ते उत्तर तिचं नसेल. माझंच असेल. ती माझ्याखातर वर्षभर मन मारून थांबेल आणि मला कधीच कळणार नाही की तिला हे हवं होतं का."

"अगं बाई, ती तुझी साक्षीदार नाही, मुलगी आहे!" माझा आवाज त्या रिकाम्या टेंपलमध्ये घुमला. मला स्वतःचीच लाज वाटली. पण खरं सांगते, मला तिचा फार राग आला होता. आमच्याकडच्या आया काय काय विचारतात! वजन का वाढलं, नवऱ्याशी भांडलीस का, गोड बातमी कधी देतेस. फोनवर पहिल्या मिनिटात विचारतात आणि उत्तरसुद्धा स्वतःच देतात. नको जीव होतो. आणि इथे ही, एक प्रश्न घशात धरून बसलेली.

"तिच्या मनात असेल तर ती बोलेल," मावशी म्हणाली. "मी थांबलेय ना."

मार्च गेला, एप्रिल गेला. दर रविवारी मुलगी यायची, मावशी तिच्या आवडीचं रांधायची, समोर बसायची आणि वाट बघायची. मुलगी फुलं, फोटोग्राफर, जेवण यांवर बोलायची. मला फोनवर मावशी सांगायची, "आजही काही नाही." आवाज अगदी नेहमीसारखा.

मे महिन्यात मी पैठणी नेसून त्यांच्या टेंपलच्या वेटिंग रूममध्ये बसले. सोफे खरंच चांगले होते. पांढऱ्या कपड्यांतल्या एका आजीबाईंनी आम्हाला पाणी विचारलं, इतक्या प्रेमाने की मला भांडायलाही जागा राहिली नाही. आमच्याबरोबर मुलाकडची लहान भावंडं होती. मुलांनाही आत नेत नाहीत. ती एकमेकांना कोपरखळ्या मारत बसली होती आणि त्यांच्यात मावशी, निळा ड्रेस, मोत्यांची माळ, गुडघ्यांवर हात. ओहायोतल्या त्या पंथाबद्दल तिच्याइतकं जाणणारी बाई त्या इमारतीत नसेल, आणि ती बसली होती शाळकरी पोरांच्या रांगेत.

तिला काय बोलून धीर द्यावा कळेना. मग मला माझं लग्न आठवलं. मी म्हटलं, "माझ्या आईनेही माझं लग्न लागताना बघितलं नाही." आमच्या घरातली पद्धत सांगितली. मंगलाष्टकं सुरू झाली की मुलीची आई मांडवात थांबत नाही. ती तुळशीपाशी जाऊन पाणी घालत उभी राहते. लग्न लागल्याचं तिला वाजंत्रीवरून कळतं.

मावशीच्या डोळ्यांत एकदम ती नेहमीची चमक आली. "मग तुझी आई त्याबद्दल काय म्हणते?"

"काय म्हणणार? मी कधी विचारलं नाही."

मावशी हसली. त्या दिवसात तेवढी एकदाच हसली.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि सगळी मंडळी हसत, डोळे पुसत बाहेर आली. मुलाची आई, मावश्या, आत्या. सगळ्यांचे चेहरे काहीतरी बघून आल्यासारखे. मागून मुलगी. मावशी उठली, तिचा पदर, म्हणजे डोक्यावरचं ते जाळीचं व्हेल, सारखं केलं आणि म्हणाली, "किती सुंदर दिसतेस." मी पर्समधून आणलेल्या अक्षता पायऱ्यांवर दोघांच्या डोक्यावर टाकल्या. मुलीच्या केसांत पिवळे तांदूळ अडकले, ती खिदळली. त्यातल्या थोड्या मी मावशीच्या हातात दिल्या होत्या. तिने त्या टाकल्या नाहीत, मूठ तशीच ठेवली. संध्याकाळी घरी सोडताना बघितलं तर तळहात हळदीने पिवळा झाला होता.

पुढच्या रविवारी मी आईला फोन केला आणि मावशीच्या पद्धतीने, काही सुचवल्याशिवाय विचारलं, "आई, माझं लग्न लागताना तुळशीपाशी काय चाललं होतं?"

"काय चालणार?" आई म्हणाली. "तांब्यातलं पाणी संपलं तरी तुझ्या आत्याची मंगलाष्टकं संपेनात. गळा काढायची हौस! आणि मला श्रीखंडाची धास्ती, उन्हात आंबतंय की काय." मग म्हणाली, "आणि वाजंत्री वाजली तेव्हा वाटलं, पळत जावं. पण पाय ओले होते." एवढ्या वर्षांत हे ती बोलली नव्हती.

मावशीचं पुस्तक पुढे निघालं. एका छोट्या प्रकाशनाने काढलं, माझ्या कपाटात आहे. आभाराच्या पानावर मलाही जागा आहे, 'चाकावर बसणारी भाची' म्हणून. पण त्याआधी, मुलीच्या लग्नानंतर, वर्ष-दीड वर्ष तिने लेखणीला हात लावला नाही. पहिल्या बायकोच्या म्हातारपणाचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. मी विचारलं की म्हणायची, "होईल."

दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये मुलीने आम्हाला घरी बोलावलं. तिला मुलगी झाली होती, पाच-सहा महिन्यांची, आणि पीचच्या पेट्या आणल्या होत्या. आईकडून शिकायचं होतं. स्वयंपाकघरात नुसती वाफ. बाळ त्याच्या उंच खुर्चीत, मुलगी उकळत्या पाण्यातून पीच काढतेय, मावशी आणि मी साली ओढतोय. हात कोपरापर्यंत चिकट. गप्पा भलत्याच रंगल्या होत्या.

बोलता बोलता मुलगी म्हणाली की तिच्या मैत्रिणीने आधी परसात साधं लग्न केलं. "तिचे डॅड आमच्यातले नाहीत ना. त्यांना लग्नात तिचा हात धरून तिला नवऱ्यापर्यंत न्यायचं होतं. आता ती दोघं वर्षभर थांबणार टेंपलसाठी."

मी म्हणजे मीच. "अगं, मग तू का नाही केलंस तसं?"

बोलले आणि जीभ चावली. मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मुलीने चमचा खाली ठेवला. "मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. माझ्याशी नाही, आईशी बोलत होती. "मी अंगठी दाखवली तेव्हा तू 'किती छान' म्हणालीस आणि केक कापायला लागलीस. मी सहा महिने दर रविवारी येत होते, मॉम. मला वाटायचं, आज बोलेल. तू फुलांबद्दल बोललीस. मग मी म्हटलं, तिला आपल्या लग्नाचं काही नाही. तिला तिचं पुस्तक आहे." तिने मनगटाने नाक पुसलं. "तू एकदा म्हणाली असतीस तर मी थांबले असते. आनंदाने थांबले असते."

बाळाने हातातला चमचा आपटला. मावशीच्या हातात अर्धवट सोललेलं पीच होतं आणि त्याचा रस मनगटावरून बाहीत चालला होता. तिला ते कळत नव्हतं. मला वाटलं, आता ही सांगेल. मी थांबले होते, म्हणेल. तुझं उत्तर तुझं असावं म्हणून गप्प बसले, म्हणेल. मी मनातल्या मनात ओरडत होते, सांग ना, बाई, आता तरी सांग!

ती भलतंच बोलली. लहान मुलीसारख्या आवाजात तिने विचारलं, "आत... लग्न लागताना... तुला माझी आठवण आली का गं?"

मी खाली बघितलं. ज्या बाईने माझं पान फाडलं होतं, ती हे विचारत होती.

"हो, मॉम," मुलगी ताबडतोब म्हणाली. "सारखी येत होती." आणि चिकट हातांनीच आईला मिठी मारली.

संध्याकाळी मी मावशीला घरी सोडायला निघाले. मांडीवर पीचची एक बरणी. दोन्ही बाजूंना मका डोक्याएवढा वाढला होता. मला तिला म्हणायचं होतं, मी सांगितलं होतं तुला, कर्टलंडला ओरडून सांगितलं होतं. पण तसं म्हणायची वेळ कधीच टळून गेली होती. आम्ही पुढच्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीमुळे पार दक्षिणेतल्या शुगर लँडला गेलो, तिथून मी तिला दर रविवारी फोन करायचे, आणि प्रत्येक फोनमध्ये मला तीच संध्याकाळ आठवायची. मी आणखी आरडाओरडा करायला हवा होता असं वाटायचं. अजूनही वाटतं.

डब्लिन जवळ आलं तेव्हा सिग्नलला गाडी थांबली. मावशी समोर बघत म्हणाली, "खरं असेल का ते? ती म्हणाली ते?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले. "अगदी खरं."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. असले होकार तिने आयुष्यभर ओळखले होते. हाही ओळखला असणार. पण या वेळी ती मला रागावली नाही. "बरं," एवढंच म्हणाली, आणि घर येईपर्यंत ती अजून कोमट असलेली बरणी दोन्ही हातांनी धरून बसली.